गाडीची मान खाली आहे, नरहरीभाऊ!

…नाई, तुम्हीच सांगा राजेहो, गाडी माझी, अंगण माझं, पोरगी माझी, अन् त्या गाडीची मान खाली आहे का वर आहे हे ठरवाले सेक्टर सातचे तमाम रिटायर लोक येऊन उभे! कावून? घरी चहा भेटत नाई? एक येते, वाकते, चाकाखाली डोकं घालते, उठते, गुडघे झटकते अन् म्हणते, "नरहरीभाऊ, पुढून बसली आहे." दुसरा येते, तोही वाकते, तोही झटकते, तोही तेच म्हणते. माझ्या घरी मयत आहे अन् हे तोंड पाहाले येऊन राहिले, असं वाटाले लागलं मले! तुम्हाले सांगतो, शिसारी आली. आमच्या भिलाईत हेच एक पाप आहे. इथं माणूस रिटायर होते, पण त्याच्यातला इंजिनियर रिटायर होत नाई. टाइम ऑफिसात हजेरी मांडत होता, तो इंजिनियर. कँटीनमध्ये समोसे तळत होता, तोही इंजिनियर! ज्याच्या त्याच्या तोंडात लेवल, लेवल, लेवल… आंघोळ करा म्हणतो मी त्या लेवलच्या नावानं!

हां, आता तुम्ही म्हणान, तू कोण टिकोजीराव? तर मीही त्यातलाच, खोटं कायले बोलू? स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये फिटर होतो. रूळ सरळ आहे का वाकडा, हे पाहण्यातच जवानी गेली. पण मी कोणाच्या अंगणात जाऊन वाकत नाई! थांबा, पहिलेपासून सांगतो, नाईतर म्हणान म्हातारं बहकलं.

माझी पोरगी अनुजा. बी.कॉम. झाली, बँकेच्या परीक्षा दिल्या, अन् एक दिवस म्हणते, "बाबा, मी केक करतो." म्हटलं कर ना, कोणाचा वाढदिवस आहे? म्हणे, "नाई बाबा, धंदा करतो. लग्नाचे केक, मजल्यामजल्याचे." झालं! क्वार्टरची मागची खोली गेली, तिथं भट्टी आली. तारा, म्हणजे आमची बायको, तिची शिलाई मशीन व्हरांड्यात आली. अन् केक पोचवाले कोणाची तरी जुनी पिकअप आली, मागं पत्र्याचा बंद डबा असलेली. आता त्या डब्यात आधी काय जात होतं म्हणान? कोंबड्या! अरे बापा… फिनाईल टाकलं, चुना टाकला, लिंबू घासले, हात सोलून निघाले, तरी उन्हात गाडी तापली की एखादी कोंबडी आठवण काढतच होती. तीनदा दरवाजे काढून वाळवले मी ते. नाकाले रुमाल बांधून घासत होतो. पोरीचा धंदा होता ना.

अन् पहिलीच मोठी ऑर्डर, भिलाई-तीन वस्तीतली सगाई, तीन मजले. गेलो, डब्याचा दरवाजा उघडला, अन् पाहतो तं काय… अख्खा केक पुढं घसरून वरचा मजला पत्र्याले चिकटलेला! वर साखरेचे नवरा-नवरी होते ना, तं नवरदेव क्रीममध्ये तोंड खुपसून पडलेला अन् नवरी त्याच्या पाठीवर उभी. सगाईवाल्या पोरीची मावशी काय म्हणाली माहीत आहे? "चलो, शुरुआत तो सही हो गई!" सगळे फिदीफिदी हसले. अनुजाही हसली. घरी आली, भट्टीच्या खोलीत गेली, नळ चालू केला अन् रडली. नळ याच्यासाठी की आमाले ऐकू नाई यावं. सगळं ऐकू येते, तिला काय माहीत! जीव तुटला माझा.

अन् तेवढ्यात पद्मनाभपूरची ऑर्डर आली. दामिनीबाई म्हणून आहेत, मोठं प्रस्थ, त्याईच्या पोराचं रिसेप्शन. पाच मजले! अनुजा मले म्हणते, "बाबा, ये वाला भी गिरा ना, तो भट्टी बंद. मी रायपूरले जातो, हेडफोन लावून लोकाईच्या तक्रारी ऐकाची नोकरी भेटून राहिली, ते करतो." आता रायपूर म्हणजे काही लंडन नाई. पण पोरगी जाईन ते हरून जाईन, अन् आपल्या हातचं सोडून जाईन, हे माह्याच्यानं पाहवणार नव्हतं. म्हटलं, पोरी, तू केक कर. तो उभा पोचवणं माह्याकडं लागलं.

तं काढली मी माझी स्पिरिट लेवल. रिटायर होताना लोकाईले घड्याळ भेटते, मले शॉपमधल्या पोट्ट्याईनं ती दिली होती, काचेत बुडबुडा असलेली. अंगणात गाडी उभी होती, तोंड फाटकाकडं. डब्याच्या फरशीवर ठेवली लेवल. बुडबुडा सट्टकन मागं पळाला! म्हणजे मागचं वर, पुढचं खाली. म्हटलं, सापडला चोर! गाडी नाकावर उभी आहे, केक पुढं नाई घसरणार तं काय करणार? अन् हे मी जोरानं बोललो राजेहो… तिथंच माती खाल्ली. फाटकाबाहेरून प्रफुल्ल चालला होता.

हा प्रफुल्ल, शेजारचा, टाइम ऑफिसवाला. दिवसभर मोबाईलवर गाड्याचे व्हिडिओ पाहते. स्वतःजवळ सायकल आहे, तिचीही चेन उतरलेली! आला, वाकला, झटकले गुडघे. "भाऊ, सिंपल है. पुढच्या स्प्रिंगच्या वर गुटका टाकायचा. बाहेरच्या देशात सब यही करते हैं. एक गुटका इधर, एक गुटका उधर, गाडी लेवल!" तं स्वयंपाकघरातून तारा लाटणं घेऊन बाहेर! "प्रफुल्लभाऊ, लाज नाई वाटत? आत्ता कुठं याईचा तंबाखू सोडवला मी, अन् तुम्ही याईले गुटका शिकवून राहिले?" म्हटलं, अवं, लोखंडाचा गुटका! ठोकळा, ठोकळा! ती म्हणते, "लोखंडाचा असो का चांदीचा, या घरात गुटका येणार नाई!" अर्धा तास गेला समजावण्यात. अन् प्रफुल्ल? तो तेवढ्यात तिच्या हातचे दोन भजे खाऊन मोकळा.

हे आटपत नाई तं धनंजय आला. आमचा साळा. क्रेन शॉपमधला. त्याले कोणी बोलावलं? कोणी नाई! वास येते त्याले. "भाऊजी, पुढं हात कायले लावता? गाडी मागून वर आहे ना? मग मागून खाली करा! मागं कमानी आहे, तिच्या पट्ट्या आहेत एकावर एक. एक पट्टी काढली का मागचं बसलं खाली. चढवण्यापेक्षा उतरवणं सोपं. आमी क्रेनवाले, आमाले विचारा." म्हटलं, धनंजय, अन् पट्टी काढल्यावर वजन कोण पेलन? तुहा बाप? तं तारा म्हणते, "माह्या बापाले मधात आणू नका!" घ्या! कमानी राहिली बाजूले, सासरा आला मधात.

अन् मग आले विजयकुमार साहेब. यांचं काय सांगू… अधिकारी होते, अजूनही आहेत, फक्त प्लांटले ते माहीत नाई. सकाळी फिराले निघतेत अन् जिथं चार माणसं दिसतील तिथं मीटिंग घेतेत. ते वाकले नाई, अधिकारी वाकत नाई. दुरून पाह्यलं, चष्मा पुसला अन् शुद्ध मराठीत म्हणाले, "नरहरी, मूलभूत गोष्ट समजून घे. गुटका हा जुगाड आहे. पट्टी काढणं हा अपराध आहे. योग्य मार्ग एकच. नवी, उंच स्प्रिंग. मागव. मी ड्रॉइंग काढून देतो." अन् खिशातून पेन काढून आमच्या घरी आलेल्या लग्नाच्या पत्रिकेवर ड्रॉइंग काढाले बसले, नवरदेवाच्या नावावरच! म्हटलं साहेब, ही स्प्रिंग येईन केव्हा? म्हणे, "क्वालिटीला वेळ लागतो." म्हणजे रिसेप्शन होऊन जाईन, त्या नवरा-नवरीच्या लेकराचं बारसं होईन, तेव्हा ती स्प्रिंग येईन अन् आमी तिच्यावर पाळणा टांगू!

मग काय, माझ्या अंगणात रोज मीटिंग! प्रफुल्ल म्हणते गुटका, धनंजय म्हणते पट्टी, साहेब म्हणतेत स्प्रिंग. चहावर चहा, चहावर चहा, अन् कोणी कपसुद्धा उचलून आत ठेवत नाई. प्रफुल्लनं धनंजयले फोकनाड म्हटलं, धनंजयनं प्रफुल्लचा मोबाईल नालीत फेकतो म्हटलं, साहेब म्हणाले, "जंटलमेन, मिनिट्स कोण लिहितंय?" अन् मागच्या खोलीतून अनुजा आली, गालाले मैदा, म्हणते, "बाबा, मले फक्त केक उभा पाहिजे. बाकी तुमी काहीही करा." कोणी ऐकलं? कोणी नाई. तिघंही माझ्या लेवलचा बुडबुडा पाहात होते. आंघोळ करा म्हणतो मी त्या बुडबुड्याच्या नावानं!

शेवटी म्हटलं, पुरे. गेलो हथखोजले. तिथं सुखराम म्हणून कमानीवाला आहे, छत्तीसगढी माणूस, तोंडात पान, डोळ्यात झोप. म्हटलं, सुखराम, तूच सांग बापा, गुटका का पट्टी का स्प्रिंग? तं तो पिचकारी मारून म्हणते, "जइसन कहिबे भइया, ओइसन कर देहूँ." म्हटलं, अरे पण बरोबर काय आहे? "जेन कहिबे, तेन बरोबर." पिचकारी माझ्या चपलीपासून बोटभर दूर पडली. म्हटलं, टाक गुटका! आपला निर्णय झाला, आपण प्रफुल्लचं ऐकलं. ऐकताना किळस आली, पण ऐकलं. सुखराम गाडीखाली गेला अन् मी समोरच्या टपरीवर चहा प्याले गेलो. बस, तेवढाच गेलो.

गाडी घेऊन घरी आलो, अंगणात लावली, तोंड फाटकाकडं. डब्यात लेवल ठेवली. राजेहो… बुडबुडा बरोबर मधात! केसभर इकडं नाई, केसभर तिकडं नाई! मी ताराले हाक मारली, तिनं पाह्यलं, म्हणाली, "दिसला बुडबुडा. आता दूध आणा." प्रफुल्ल तं असा फुगला, अख्ख्या सेक्टरले सांगत फिरला की गुटका त्याचा आहे. धनंजय मिशीतल्या मिशीत हसत होता. मले वाटलं, हरला म्हणून हसते बिचारा. साहेब म्हणाले, "योगायोग आहे."

रिसेप्शनचा दिवस आला, अन् मीटिंगची मंडळीही आली. अनुजा दोन रात्री धड झोपली नव्हती. पण केक काय झाला होता म्हणता! पाच मजले, पांढरे शुभ्र, वरून खाली साखरेच्या जाईजुईच्या माळा, एकएक पाकळी हातानं केलेली. माह्या डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो. म्हटलं, हे माह्या पोरीनं केलं! अन् आमी तो उचलून व्हरांड्यात आणला, ती वरून साखरेचे चांदीचे मोती लावत होती, अन् तिच्या हातातून मोत्याचं पाकीट सुटलं. सगळे मोती अंगणात. अन् सगळे, सगळेच्या सगळे, टणटण करत एकाच बाजूले पळाले! फाटकाकडं! अन् फाटकाखालून नालीत!

आमी चौघं उभे. मी, प्रफुल्ल, धनंजय, साहेब. मोती पळून राहिले अन् आमी पाहून राहिलो. अरे, अंगणालेच उतार आहे! पाणी निघून जावं म्हणून बांधतानाच दिलेला! इतके वर्षं त्याच अंगणात मी रोज दात घासतो, चूळ भरतो अन् ते पाणी फाटकाकडं वाहत जाते ते उघड्या डोळ्यानं पाहतो… अन् लेवल लावली ती गाडीले! जमिनीले कोणी लावलीच नाई! प्लांटचे चार रिटायर लोक, अन् एकाच्याही डोक्यात आलं नाई की आपण उभे कशावर आहो! शी!

धावत गाडी रस्त्यावर काढली, सपाटीवर. तुम्हाले काय सांगू, गाडीनं मान वर केली अन् आभाळाकडं पाहाले लागली! बुडबुडा पुढं पळाला तो परत येईना. म्हटलं, प्रफुल्ल, किती जाड गुटका टाकाले लावला बे? तं प्रफुल्ल म्हणते, "भाऊ, गुटक्यानं एवढी नाई चढत." अन् धनंजय हळूहळू फाटकाकडं सरकून राहिला होता. म्हटलं, धनंजय! इकडं ये! तं म्हणते, "भाऊजी, तुमी टपरीवर होते ना… मी तिकडूनच चाललो होतो… म्हटलं सुखरामले, एक पट्टी पण काढून टाक." लावला फोन सुखरामले. मागं ढोल, मांदर, पोरं किंचाळून राहिले. "मड़ई म हंव भइया, काली आबे!" उद्या ये म्हणते! म्हटलं, अरे, तू पट्टी काढली कावून? "तोर सारा कहिस, त निकाल देंव!" म्हणजे, तुह्या साळ्यानं म्हटलं, तं काढली. ठेवला फोन त्यानं. जत्रेत होता, त्याचं काय चुकलं? जो म्हणन ते करते, पहिलेच सांगितलं होतं त्यानं.

मी अनुजाकडं पाह्यलं नाई. हिंमतच झाली नाई. आता ती नळाकडं जाईन असं वाटलं. पण ती आली, आमच्या चौघाईसमोर उभी राहिली, बाजारात वांगे निवडावे तसं एकएकाले वरून खाली पाह्यलं, अन् म्हणाली, "हाथ धो के आओ." कोणाले समजलं नाई. "हाथ धोओ चारों. साबण लावून. अन् गाडीत चढा. केक तुम्ही पकडान. बाबा तुम्ही इथं, मामा तिथं, काका तिकडं. अंकल, आप भी." साहेब म्हणाले, "अनुजा, माझी कंबर…" ती म्हणाली, "अंकल. चढा."

चढलो! त्या कोंबड्याच्या डब्यात, मांडी घालून, चार कोपऱ्याले चार जण, मधात पाटावर केक, अन् पाट आठ तळहातावर अधांतरी. अनुजा गाडी चालवाले, तारा तिच्या बाजूले क्रीमची पिशवी मांडीवर घेऊन, म्हणजे कुठं खरचटलं तं लिंपाले. अन् मागं आमी चौघं बसल्यानं गाडी अजूनच मागून बसली, अजूनच मान वर. नेहरूनगरचा चौक आला तं हेडलाईट चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत! एक बाई दोरीवरचे कपडे काढत होती, तिनं हात जोडले. अन् आत काय चालू? "तुमची बाजू दोन सूत खाली आहे!" "माझी नाई, तुमची वर आहे!" "धनंजय, श्वास घेऊ नको, केक हालते!" अन् साहेब डोळे मिटून, "माझा कोपरा लेवलमध्ये आहे. तुमचे तीनही चुकले आहेत." ब्रेकर आला का चौघंही एकदम "हो-हो-हो-हो" म्हणून हात वर, मग हात खाली. प्रफुल्लच्या नाकाले क्रीम लागलं, खाजवता येईना, बिचाऱ्याच्या डोळ्यातून पाणी. माझ्या पायाले मुंग्या, मानेले कळ, अन् खालून फिनाईलमधून ती कोंबडी! ओकारी आली होती राजेहो, गिळली. केकावर पडली असती ना.

पण केक उभा होता. दुर्ग आलं तरी उभा. पद्मनाभपूर आलं तरी उभा! दरवाजा उघडला तं आमचे पाय सरळ होईनात. म्हणून आमी पाट सोडलाच नाई, तसेच वाकलेले, एक एक पाऊल टाकत, केक घेऊन मंडपात निघालो. चार म्हातारे, अंगभर मैदा, तोंडं अशी गंभीर. तं डीजेवाल्याले वाटलं हा प्रोग्रामच आहे, त्यानं शहनाई लावली! लोक उठून उभे राहिले, मोबाईल वर झाले, कोणी फुलं टाकले. टेबलावर केक ठेवला, एक पाकळी पडली नव्हती. अनुजा मंडपाच्या खांबाले धरून उभी होती, तोंडावर हात. मी तिच्याजवळ गेलो, तं माझ्या शर्टाले डोकं टेकलं तिनं. अन् दामिनीबाई आल्या, म्हणाल्या, "वाह! क्या कॉन्सेप्ट है! बुजुर्गों के हाथों से आशीर्वाद!"

झालं, इथंच सगळं संपलं असतं तं मीही हसलो असतो. पण दुसऱ्या दिवसापासून अनुजाचा फोन थांबेना. अन् लोक काय मागून राहिले? "वो चार अंकल वाला केक है ना, वही चाहिए!" केक नाई, राजेहो, अंकल! कोणी विचारते, "फेटा बांधके आएंगे क्या?" कोणी विचारते, "थोडा और धीरे चलेंगे क्या?" एकानं तं म्हटलं, "वो जो रो रहे थे ना नाकवाले, उनको जरूर लाना." प्रफुल्ल तेव्हापासून आपल्या मनानं रडाले शिकला. आंघोळ करा म्हणतो मी त्या अंकलच्या नावानं!

म्हटलं, असं चालाचं नाई. गेलो हथखोजले, सुखरामच्या डोक्यावर बसलो, एक घोटही चहा प्यालो नाई. गुटका काढला, पट्टी परत लावली, गाडी सपाटीवर उभी केली, आधी जमिनीले लेवल लावली, मग गाडीले लावली, डब्यात केकाएवढं वजन ठेवून पाह्यलं… बुडबुडा मधात! खरोखरचा मधात! अन् तुम्हाले सांगतो, गंमत ऐका, मागून थोडी वर असलेली गाडी वजन पडल्यावर आपोआपच सरळ होते, तशीच बनवलेली असते ती. तिला काही कराचंच नव्हतं! केक घसरत होता तं खालून साधा रबरी चटईचा तुकडा टाकाचा होता. मी तसाच घरी आलो, भट्टीच्या खोलीत गेलो, म्हटलं, अनुजा, पोरी, झालं! गाडी लेवल झाली! आता आमची काही गरज नाई!

तं ती हातातल्या फुलावरून नजर न काढता काय म्हणते? "छान झालं बाबा. पण बुकिंग गाडीचं थोडी आहे? तुमचं आहे."

हा… ऐकला हॉर्न? तिचाच आहे. अहिवाऱ्याले रिसेप्शन आहे आज, सात मजले. साहेब तं केव्हाचे चढून बसले, पांढरे हातमोजे घालून. धनंजय फेटा बांधून राहिला. आलो गं, आलो! चालतो राजेहो. कंबर पार गेली, पण सांगू कोणाले? परवा डब्यात नुसतं कण्हलो, तं पुढून स्टेअरिंगवरून आवाज आला, "बाबा, जरा मागं सरका, लेवल बिघडून राहिली."